आखडता पाय

अण्णा डावीकडच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय स्वस्थ बसत नसे. गाडी मी चालवायचो, पेडल माझ्या पायाखाली आणि अण्णांच्या पायाखाली नुसती रबरी मॅट. पण लांबवर वळण दिसलं, पुढं बैलगाडी दिसली, गावाच्या पाटीअलीकडचा गतिरोधक जवळ आला की त्यांचा पाय मॅटवरून अलगद वर यायचा. टाच तिथंच, चवडा तेवढा उचललेला. माझा पाय तोवर दाबलेलाच असे, कारण मला तो गतिरोधक अजून दिसलेलाही नसे. मग मी एकदम ब्रेक लावायचो, मागून माय ‘देवा’ म्हणायची आणि अण्णांचा चवडा परत खाली टेकायचा. बोलायचे काही नाहीत. एसटीत ३३ वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसला की एक तर झोपतो, नाही तर पायानं बोलतो.

माझ्या गाडीत हाताशी एक बटण आहे. ते दाबलं की समोर ‘इको’ अशी अक्षरं उजळतात आणि गाडी जरा पोक्तपणानं वागायला लागते. तिला घाई केलेली चालत नाही. पाय दाबला तर ती ऐकते, थोडा विचार करते आणि मग निघते. पण गाडी बंद केली की ती हे सगळं विसरून जाते. रात्री इकोवर घरी आणून लावलेली गाडी सकाळी ‘सिटी’वर जागी होते. म्हणजे काटकसरीचा संकल्प रोज नव्यानं सोडायचा. पूजेला बसल्यावर गुरुजी कसे तळहातावर पळीभर पाणी घालून ‘मम म्हणा’ म्हणतात, तसा मी बेल्ट लावून झाला की ते बटण दाबतो. एखाद्या दिवशी मम म्हणायचं राहून जातं आणि ते लक्षात येईपर्यंत लातूरच्या वाटेवरचं सोनखेड मागं पडलेलं असतं.

आमच्या भागात गाडी घेतली की रंग आणि किंमत विचारायच्या आधी लोक विचारतात, किती देते? पेट्रोल पंपावरचा पोरगा नळी टाकीत घालता घालता सहज विचारतो, “सर, किती देऊलाली?” मायलेज हा शब्द जाहिरातीत राहिला, बोलण्यात एव्हरेज. पण मला त्या ‘देते’ची मौज वाटते. हे क्रियापद दुभत्या जनावराचं आहे. म्हैस किती देते, गाय किती देते, तशी गाडी किती देते. गाडी पेट्रोल खातेही आणि पितेही. जास्त खाऊन कमी देणाऱ्या जनावराला बाजार दाखवावा, तसं ‘लई पिते’ म्हणून गाडी काढून टाकतात. नांदेडहून लातूरला जाताना लोह्याच्या पुढं माळेगाव लागतं. मार्गशीर्षात तिथं खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट, सगळ्यांचा बाजार असतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतात. त्या गर्दीतून पहिल्या गिअरमध्ये गाडी काढताना मला नेहमी वाटतं, इथं माझ्या गाडीचेही दात कुणी तरी बघणार.

किती देते, हे विचारण्याला आमच्याकडं कारणही आहे. परभणीचं नाव एरवी राज्याच्या बातम्यांत येवो न येवो, पेट्रोल महागलं की हमखास येतं. इंधन मनमाडकडच्या डेपोतून टँकरनं यायचं आणि वाटखर्च लिटरवर चढायचा. नांदेड तर त्याच्याही पुढं. उदगीर-देवणीकडचे लोक बिदरला काही कामानं गेले तर येताना टाकी भरूनच येतात. कर्नाटकात चार पैसे कमी पडतात, एवढं त्यांच्या गाडीलाही पाठ झालेलं आहे.

अण्णा गेल्यापासून माय सहा महिने माझ्याकडं नांदेडला आणि सहा महिने ताईकडं लातूरला असते. ती लातूरला असली की माझा रविवार या रस्त्यावर जातो. लातूर फाटा, विष्णुपुरी, सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड. एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. ही नावं मला पाढ्यासारखी पाठ आहेत, कारण लहानपणी ती मी अण्णांच्या गाडीत कंडक्टरच्या तोंडून ऐकली. नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर. लातूर बालाघाटाच्या पठारावर, पाचशेच्या वर. म्हणजे जाताना एकूणात चढ आणि येताना उतार. जाताना माझी गाडी लिटरला एकोणीस दाखवते, येताना एकवीसच्या पुढं जाते. ताईला हे सांगितलं तर म्हणाली, “माहेराकडं येताना कमीच पिणार की ती.”

हे बटण नेमकं काय करतं, ते मी गॅरेजवाल्या मित्राला विचारलं होतं. पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत एक तार जायची. पाय दाबला की तार ताणली जायची, झडप उघडायची. पाय आणि इंजिन समोरासमोर बोलत. आता मधे संगणक बसला आहे. पाय फक्त अर्ज करतो, मंजूर किती करायचं ते संगणक ठरवतो. मी मनात त्याला कारकून म्हणतो. सिटीवर हा कारकून मोकळ्या हाताचा असतो, मागितलं की देतो. इकोवर त्याच कारकुनाच्या जागी कुणी जुना, चष्म्यावरून बघणारा माणूस येऊन बसतो. चार मागितले तर अडीच देतो आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ असं तोंडावर भाव आणतो. इंजिन तेच, पेट्रोल तेच. बदललेला असतो तो फक्त देणाऱ्याचा हात. मराठीत हात आखडता घेणं म्हणतात. इथं हाताचं काम पायाला आलेलं आहे एवढंच.

एसटीत इंधनाचा हिशेब लिटरमागे नसे, दहा लिटरमागे असे. केपीटीएल. किलोमीटर, दर दहा लिटरला. आमच्या घरात हा शब्द देवाच्या नावासारखा ऐकू यायचा. महिना संपला की आगारात कुणाचा केपीटीएल किती, ते लागायचं. अण्णांचा पन्नासच्या आसपास असे, कधी वर. पन्नास म्हणजे लिटरला पाच. आज ऐकायला हे हास्यास्पद वाटतं, पण साठ माणसं, त्यांची गाठोडी, टपावर कोंबड्यांचे खुराडे आणि लोह्याच्या बाजारातून घेतलेलं एखादं शेळीचं पिलू, एवढं घेऊन चढ चढणाऱ्या लाल डब्याला लिटरला पाच म्हणजे फार झालं. एका वर्षी डिझेल वाचवल्याबद्दल अण्णांना बक्षीस मिळालं होतं. एक स्टीलचा डबा. त्यात मायनं पुढं वीस वर्षं तूरडाळ ठेवली.

प्रवासी मात्र वैतागायचे. अहमदपूरचं स्टँड अजून नजरेतही आलेलं नसे आणि अण्णांचा पाय वर आलेला असे. गाडी आपल्या वजनानं, आपल्या ओघानं पुढं जात राहायची, इंजिनाचा आवाज खाली खाली यायचा, आणि फाटकातून आत वळेपर्यंत ती एखाद्या दमलेल्या बैलासारखी आपोआप सावकाश झालेली असायची. ब्रेक लागायचा तो फक्त शेवटी, टेकवल्यासारखा. “डायव्हरसाहेब, गाडी हाकालाव का बैल?” असं मागून कुणी तरी म्हणायचंच. अण्णा आरशात बघून गप्प राहायचे. एकदा मी त्यांच्या मागच्या आडव्या सीटवर बसलेलो असताना एका शिकाऊ ड्रायव्हरला म्हणताना ऐकलं होतं, “ब्रेक दाबलास म्हंजे आधीचं डिझेल वतून दिलंस. महामंडळाचं हाय म्हणून काय वतायचं का?”

माय पासवर कधी तरी या गाडीनं माहेरी जायची. बसली की तिला झोप लागायची, आणि तरी तिचं उतरायचं ठिकाण कधी चुकलं नाही. कंडक्टरनं हाक मारायच्या आधी ती पदर सारखा करून पिशवी मांडीवर घ्यायची. डोळे मिटलेले असताना तुला कसं कळतं, असं मी विचारलं तर म्हणाली, “गाडी हलकी व्हती की.” अण्णांनी पाय उचलला की तिला झोपेत कळायचं.

उताराला न्यूट्रल करायची पद्धत त्या काळी सर्रास होती. ट्रकवाले करायचे, एसटीतही करणारे होते, आणि माझ्या पिढीनं स्कूटरचं इंजिन बंद करून गावाचा उतार उतरला आहे. अण्णांनी कधी केलं नाही. गिअर गाडीला धरून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. गॅरेजवाला मित्र म्हणतो, आता तर हिशेबही त्यांच्याच बाजूनं लागतो. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की हल्लीचं इंजिन पेट्रोलचा फवाराच बंद करतं. चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायचं असतं, मग ते थेंब थेंब पीत राहतं. अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्याची त्यांना गरज वाटली असती असंही नाही.

अण्णा १९७१ साली नोकरीला लागले आणि पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या घरातली सगळी काटकसर त्या सालापासून मोजली जाते, जसं कुणाकुणाच्या घरात लग्नापासून किंवा वाटणीपासून मोजतात. माय तेव्हा नवी नवरी. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. सुकडी आणि मिलो हे दोन शब्द तिच्या तोंडून अजून एका विशिष्ट चवीनं येतात. तांबूस, परदेशातून आलेली ती ज्वारी, तिच्या भाकरीला चिकटपणा नाही, थापताना तडकायची. तेव्हापासून तांब्याभर पाण्यात तोंड, हात, पाय आणि शेवटी दारातल्या झाडाची मुळी, एवढं सगळं करायचा मायचा हात बसला तो बसलाच.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिकडं जगात तेलाची टंचाई झाली. अरब देशांनी १९७३च्या ऑक्टोबरमध्ये तेल अडवलं, आणि १९७४च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. ५५ मैल म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. एवढ्या मोठ्या देशाला इंधन वाचवायला ज्या वेगावर उतरावं लागलं, तो वेग अण्णांच्या गाडीनं उभ्या आयुष्यात पाहिला नसेल. पुढं १९७८ साली आपल्याकडं पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ निघाला. सिग्नलला इंजिन बंद करा, चाकात हवा बरोबर ठेवा, वेग आवरा, अशा त्याच्या जाहिराती दूरदर्शनवर लागायच्या. अण्णा त्या बघताना मान हलवायचे. वर्गात आपल्याला आधीच येत असलेलं गणित गुरुजींनी फळ्यावर सोडवलं की पोरगं हलवतं, तशी.

वेगाचा हिशेब खरं तर वाऱ्याचा हिशेब आहे. ताशी ऐंशीवरून शंभरवर गेलं की वाऱ्याचा अडसर दीडपटीहून जास्त वाढतो. नवा सिमेंटचा महामार्ग झाल्यापासून हे रोज दिसतं. पूर्वी खड्डेच एव्हरेज सांभाळायचे. आता रस्ता गुळगुळीत आहे, वाहनं सुसाट जातात आणि जुन्या रस्त्याच्या दोन्ही कडांची कडुलिंबं, चिंचा मात्र गेल्या. सावली नाही म्हणून काचा बंद, काचा बंद म्हणून एसी, एसी म्हणून पेट्रोल. चिंचेच्या झाडाचा केपीटीएल कुणी काढला असता तर काय आला असता, असं मधेच मनात येतं.

आता लातूरचं. २०१६च्या एप्रिल महिन्यात दोन गोष्टी झाल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या एकाच खुंटीवर अडकलेल्या आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात टाटांची टियागो बाजारात आली. तिचं नाव आधी झिका ठरलं होतं, पण नेमका त्याच सुमारास झिका विषाणूचा ताप जगभर पसरला, म्हणून बारसं पुन्हा करावं लागलं. तिच्यात सिटी आणि इको असे दोन मोड होते. माझ्याकडं आज आहे ती हीच, दुसऱ्याच्या हातातून आलेली. आणि त्याच महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. तीनशेहून अधिक किलोमीटर रुळांवरून पाणी आलं, आणि ते आणणाऱ्या इंजिनाला किती डिझेल लागलं असेल, हा प्रश्न विचारायचं त्या वेळी कुणाला सुचलं नाही. सुचूही नये. तहान लागलेल्या माणसासमोर एव्हरेज काढत नाहीत.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी मांजरा भरलं. पण ताईच्या घरातला तो एप्रिल काही गेला नाही. तिच्या बाल्कनीत निळा ड्रम अजून आहे. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची वाया जाणारी नळी बादलीत सोडलेली असते. त्या पाण्यानं फरशी पुसली जाते. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. तिच्या मुली शिकायला पुण्यात गेल्या. तिथल्या होस्टेलवर मैत्रिणी त्यांना हसतात म्हणे, कारण त्या दात घासताना नळ बंद करतात. मी नांदेडचा, गोदावरीच्या काठचा. पावसाळ्यात विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की आम्ही सहकुटुंब पाणी बघायला जातो. ताईकडं गेल्यावर मी हात धुताना बोलत उभा राहतो, आणि ती काही न म्हणता मागून येऊन नळ अर्धा बंद करून जाते. अण्णांच्या पायासारखाच तिचा हात आहे. दोघांनीही मला एकदाही टोकलं नाही, आणि दोघांनीही मला सोडलं नाही.

दाजींचा ऊस आहे. मांजरेच्या खोऱ्यात ऊस किती पाणी पितो, यावर लातूरला कुठल्याही चहाच्या टपरीवर तासभर भांडण होऊ शकतं, आणि दाजींसमोर तो विषय मी काढत नाही. पण गेल्या खेपेला काढला, वेगळ्या वाटेनं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते उसापासून होतं, मक्यापासून, तांदळापासून होतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या मानानं ताकद साधारण एकतृतीयांश कमी, म्हणून एव्हरेजही थोडं उतरतं. म्हणजे मी इकोवर गाडी चालवून जे वाचवतो, त्यातलं काही मिश्रण खाऊन टाकतं. आणि ते मिश्रण ज्या उसाचं, त्यानं जे पाणी प्यालेलं असतं... वाक्य मी पुरं केलं नाही. नुसतं म्हणालो, “दाजी, तुमचा ऊस माझ्या टाकीत आहे.” दाजींनी सुपारी कातरता कातरता मान वर केली. “असं? मग बिल का आलं नाही अजून, पाव्हणं?”

वाचवलेलं जातं कुठं, हा खरा प्रश्न आहे. एका फेरीत माझं फार तर पाऊण लिटर वाचतं. ऐंशी रुपये. अहमदपूरला थांबून मी एक प्लेट भजी आणि दोन चहा घेतो, त्याचे तेवढेच होतात. म्हणजे मी पेट्रोल वाचवून भजी खातो. डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं आहे, तेव्हा शुद्ध हिशेबानं पाहिलं तर हे बटण माझ्या तब्येतीला घातक आहे. एकदा तर मायला घेऊन येताना मे महिन्यात, नांदेडचा पारा चव्वेचाळीसला भिडलेला असताना, मी एसी एकवर ठेवला होता, कारण समोर एकवीस पूर्णांक आठ दिसत होतं आणि मला बावीस बघायचं होतं. माय पदरानं वारा घेत होती. शिरूर ताजबंदला तिनं विचारलं, “काच खाली घेऊ का रे?” काच खाली घेतली तर आकडा उतरेल, असं माझ्या मनात आलं. ते आलं, आणि मग मी स्वतःलाच आरशात बघितलं. एसी चारवर टाकला, बटणही बंद केलं. गाडी जरा उसळल्यासारखी पुढं गेली. मायनं पदर सोडला.

बहात्तर सालातली तिची काटकसर आणि माझी ही, दोन्हींना एकच शब्द लावायची मला लाज वाटते. तिच्या तांब्यामागं दुसरा तांब्याच नव्हता. माझ्या टाकीत पस्तीस लिटर असतं आणि दर दहा किलोमीटरला पंप. माझी काटकसर हा एक खेळ आहे, समोर गुण दाखवणारा. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलं की वाढणारा थांबत नाही. प्रशादा दोन्ही हात पुढं करून घ्यायचा, दाल ओसंडेपर्यंत वाढणार, कुणाला किती ते कुणी मोजत नाही. आणि तरी उठताना ताटात काही टाकावंसं वाटत नाही. तिथला सेवेकरी नुसता ताटाकडं बघतो, तेवढ्यानं शेवटचा घास उचलला जातो. तिथं मोकळा हात आणि आखडता हात एकाच पंगतीत बसलेले असतात. ते कसं जमतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या वर्षी मी एक उद्योग केला. चार रविवार बटण दाबून गेलो, चार रविवार न दाबता. टाकी काठोकाठ भरून, मीटर शून्यावर आणून, डायरीच्या मागच्या पानावर लिहून. न दाबलेल्या रविवारी मी ठरवून अण्णांच्या पायानं गाडी चालवली. म्हणजे डावीकडची सीट रिकामी होती, पण कुठं चवडा वर आला असता ते मला ठाऊक होतं. माळाकोळीच्या अलीकडचं वळण. अहमदपूरच्या अलीकडचा तो उतार, जिथं पूर्वी एक मोठं वडाचं झाड होतं. चाकूरची शाळा. आठ रविवारांनंतर बेरीज केली तर दोन रकान्यांत फरक नावापुरता निघाला, आणि तोही बटण न दाबलेल्या रकान्याच्या बाजूनं. गॅरेजवाल्या मित्राला दाखवलं. तो म्हणाला, वारा असेल, गर्दी असेल, आठ फेऱ्यांवरून काही ठरत नाही. बरोबर आहे त्याचं. मी ते पान फाडलं नाही. शहरात, वजिराबाद-वर्कशॉपच्या गर्दीत मात्र बटणाचा उपयोग होतो, कारण तिथं पुढचं काही दिसतच नाही आणि माझा पाय बावचळतो. तिथं तो चष्म्यावरून बघणारा कारकून असलेला बरा.

डिसेंबर-जानेवारीत या रस्त्यावर कुणालाच कसलं बटण लागत नाही. ऊस निघालेला असतो. संध्याकाळ झाली की ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, मागं दोन दोन ट्रॉल्या, त्यावर घरभर उंच ऊस, मागं दिवा नाही. एखाद्यानं लाल फडकं बांधलेलं असतं, तेही तुमच्या दिव्याच्या उजेडात आलं तर दिसणार. ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी. ओव्हरटेक करावं तर समोरून त्याचाच भाऊ येत असतो. सगळा महामार्ग मग ताशी वीसवर येतो, महागडी गाडी असो की माझी.

परवा मायला नांदेडला घेऊन येत होतो. सहा महिने संपले होते. ताईनं निघताना सुपात निवडलेली तूरडाळ दिली होती, त्या जुन्या स्टीलच्या डब्यात भरून. डबा मायच्या मांडीवर होता, मागं ठेवायला ती तयार नव्हती. आता ती पुढं बसते, अण्णांच्या जागी. आष्टामोडच्या पुढं अंधार पडला आणि चाकूर यायच्या आत एक ट्रॅक्टर आडवा आला. नंतर कळलं, तो एकटा नव्हता, पुढं चार होते. फडकं लांबूनच दिसलं होतं. मी पाय उचलला. गाडी आपल्या ओघानं जात राहिली, इंजिनाचा आवाज खाली आला, समोरचा आकडा वर वर चढत गेला. काच थोडी उघडी होती, तिच्यातून उसाचा ओला, गोडसर वास येत होता.

मायचे डोळे मिटलेले होते. तिनं पदर सारखा केला, डबा जवळ ओढला आणि म्हणाली, “अहमदपूर आलं का रे?”

अहमदपूर अजून बरंच लांब होतं.

“आलंच, माय,” मी म्हणालो, आणि पाय तसाच वर ठेवला.